भाडेकरू घर सोडताना: डिपॉझिटचा हिशेब आणि छोटे वाद मिटवण्याची पद्धत

डिपॉझिट हा भाडेकरूचा पैसा असतो. मालकाकडे तो फक्त सांभाळायला दिलेला असतो. त्यातून काही कापायचं तर का, किती आणि कशाच्या आधारे कापलं, हे दाखवण्याची जबाबदारी मालकाची. एवढं डोक्यात पक्कं असलं की पुढची बरीचशी भांडणं होतच नाहीत.

घर सोडताना होणारे वाद सहसा हजार-दीड हजारापासून पाच-सात हजारांपर्यंतचे असतात: भिंतीचा रंग, तुटलेला नळ, शेवटचं वीजबिल, साफसफाई, हरवलेली चावी. रकमा छोट्या, पण चिडचिड मोठी. ही चिडचिड बहुतेक वेळा रकमेमुळे होत नाही. भाडेकरू सामान घेऊन निघून गेल्यावर आठ-दहा दिवसांनी फोन येतो, "आठ हजार कापलेत, बाकीचे पाठवतो." कशाचे आठ हजार, ते त्याला कळत नाही. गोळाबेरीज आकडा, उशिरा आणि तोंडी सांगितलेला: या तीन गोष्टी एकत्र आल्या की रास्त कपातही लबाडी वाटू लागते. म्हणून सगळा भर दोन गोष्टींवर ठेवायचा: पाहणी भाडेकरू घरात असतानाच करायची आणि हिशेब बाबवार लिहून द्यायचा.

इथे महाराष्ट्रातले राहते फ्लॅट आणि लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याचा परवाना देणारे) गृहीत धरले आहेत. जुन्या पागडीच्या घरांचा आणि दुकानांचा मामला वेगळा.

आधी करार काढून वाचा

भाडेकरूकडून घर सोडण्याची नोटीस मिळाली की मालक म्हणून तुमचं पहिलं काम म्हणजे नोंदणी झालेला करार काढून पुन्हा वाचणं. नोटीस किती दिवसांची, लॉक-इन (ज्या काळात करार मध्येच सोडता येत नाही) आहे का आणि असल्यास कधी संपलं, रंगाबद्दल काही ठरलं आहे का, मेंटेनन्स कोणाकडे, डिपॉझिट परत करण्याची मुदत काय, एवढं पाहा. बऱ्याच करारांत ताबा देतानाच डिपॉझिट परत करायचं असं लिहिलेलं असतं. "महिन्याभराने देतो" असं मनाने ठरवता येत नाही.

करारात नसलेली कपात टिकत नाही. "आमच्या सोसायटीत सगळेच पेंटिंगचे कापतात" हा आधार होऊ शकत नाही.

करार नोंदवलेलाच नसेल तर मालकाची बाजू सुरुवातीपासूनच लंगडी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. ११ महिन्यांच्या करारालाही इथे सूट नाही. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करणं मालकाकडे येतं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षेची तरतूद आहे. अशा वेळी दोन-तीन हजारांसाठी ताणू नका. हिशेब मोकळ्या हाताने करून मिटवा.

कराराला जोडलेली वस्तूंची यादीही काढा. तिच्यात एक उणीव असते: पंखे ५, ट्यूबलाइट ६, गिझर १ अशी संख्या असते, वस्तूंची अवस्था नसते. गिझर तेव्हाच सहा वर्षांचा होता का, सिंकखालचं प्लाय आधीच फुगलेलं होतं का, हे यादी सांगत नाही. राहायला येतानाचे फोटो किंवा व्हिडिओ असतील तर ते आत्ताच शोधून एका फोल्डरमध्ये ठेवा. नसतील तर, ज्या वस्तूची आधीची अवस्था दाखवता येत नाही तिच्यासाठी पैसे कापण्याचा आग्रह धरू नका.

पहिली पाहणी: सोडण्याच्या सात ते दहा दिवस आधी

घर रिकामं होण्याआधी एकदा, दिवसाउजेडी, भाडेकरूला सोबत घेऊन फिरा. दोन-तीन दिवस आधी मेसेज करून वेळ ठरवा. या फेरीत दोष पकडण्यापेक्षा त्याला दुरुस्तीची संधी मिळणं महत्त्वाचं. त्याच्या ओळखीचा प्लंबर ३०० रुपयांत जे काम करेल, त्यासाठी तुम्ही नंतर ८०० लावले की वाद ठरलेला.

हे आवर्जून बघा:

- सगळे नळ दोन-तीन मिनिटं पूर्ण सोडा. बाथरूममधला डायव्हर्टर फिरवून शॉवर आणि खालचा नळ दोन्ही तपासा. बेसिन आणि सिंकच्या खाली हात घालून वेस्ट पाइपच्या जोडावर ओल आहे का बघा.
- प्रत्येक फ्लश टँक दोनदा चालवा. भरल्यावर पाणी कमोडमध्ये झिरपत राहतं का, ते थांबून पाहा.
- गिझर दहा मिनिटं, एसी पंधरा मिनिटं. एसीच्या आतल्या युनिटमधून पाणी टपकतं का बघा.
- प्रत्येक सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून पाहा. जळका डाग असलेल्या प्लेटचा फोटो काढा.
- ट्रॉल्या पूर्ण बाहेर ओढा. चॅनेल अडकत असेल किंवा बिजागरी सुटली असेल तर ती तिथेच दाखवा.
- फ्रीज, कपाट, पलंग यांच्या मागची भिंत. ओल आणि ओरखडे तिथेच लपलेले असतात.
- सरकत्या खिडक्यांचे रोलर, मच्छरजाळी, दारांचे लॅच आणि कड्या.

फेरी संपल्यावर तिथेच बसून व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवा आणि प्रत्येक बाबीपुढे तीनपैकी एक शेरा लिहा: "तुम्ही दुरुस्त करून द्याल", "माझ्याकडे", "ताबा देताना पुन्हा बघू". त्याने नुसतं "ओके" लिहिलं तरी चालेल. पुढे शंभर शब्दांचा वाद त्या एका उत्तराने टळतो.

झीज कोणाची, नुकसान कोणाचं

खरी भांडणं इथे होतात, त्यामुळे इथे घाई करू नये. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम १०८ मध्ये भाडेपट्ट्याने घेणाऱ्याने मालमत्ता पूर्वीसारख्या अवस्थेत परत करावी असं म्हटलं आहे, पण वाजवी वापराने झालेली झीज आणि माणसाच्या हाताबाहेरच्या घटना त्यातून वगळल्या आहेत. लिव्ह अँड लायसन्स हा भाडेपट्टा नव्हे. तरी झीज आणि नुकसान वेगळं करायला हाच निकष सगळ्यात उपयोगी पडतो.

रंग फिका पडणं, फर्निचर टेकत होतं तिथल्या पुसट रेषा, कॅलेंडर-फोटोसाठीचे चार-सहा खिळे, नळाचा झिजलेला वॉशर, जड पाण्यामुळे चुना साचून गेलेली गिझरची कॉइल, वाळत घालण्याच्या स्टँडची कुजलेली दोरी, खिडकीचा झिजलेला रोलर हे सगळं मालकाकडे. यासाठी तुम्ही इतके महिने भाडं घेतलं आहे. बोअरच्या पाण्यावरच्या इमारतींत कॉइल दोन-तीन वर्षांत जाते. तिचे पैसे भाडेकरूकडून मागणं योग्य नाही.

सनमायका गरम भांड्याने जळला, टाइलला ड्रिल मारून भोक पाडलं, टीव्हीचा ब्रॅकेट उपटताना प्लास्टरचा पोपडा निघाला, ट्रॉलीत पेलण्यापलीकडे वजन ठेवून चॅनेल वाकलं, मुलांनी भिंतभर तेलकट खडूने रेघोट्या ओढल्या, मच्छरजाळी फाटली, वॉश बेसिनला तडा गेला, तर हे भाडेकरूकडे.

मधल्या बाबी अवघड असतात. ओलीचं बघा. बाहेरच्या भिंतीतून किंवा वरच्या बाथरूममधून झिरपत असेल तर भाडेकरूचा काही संबंध नाही. ते काम तुमचं आणि सोसायटीचं. बंद खोलीत सतत कपडे वाळवल्याने भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात काळी बुरशी आली असेल तर काही भाग त्याचा ठरू शकतो. फरक ओळखायचा तर डाग कुठे सुरू होतो ते पाहा. झिरपणारी ओल पाइपच्या, छताच्या किंवा बाहेरच्या भिंतीच्या रेषेने येते आणि रंगाचे फुगे धरते. दमटपणाची बुरशी पृष्ठभागावर ठिपक्यांनी पसरते आणि बऱ्याचदा ओल्या फडक्याने पुसली जाते. नक्की ठरत नसेल तर खर्च मालकानेच सोसावा, कारण पुरावा त्याला द्यायचा आहे.

तुंबलेल्या मोरीचंही असंच. जाळीत केस, अन्न, प्लास्टिक निघालं तर साफसफाईचे पैसे भाडेकरूचे. पुढच्या सामाईक लाइनमध्ये अडथळा असेल तर सोसायटीचे. प्लंबरला बिलावर कारण लिहायला सांगा.

किती कापायचं: नव्या वस्तूची किंमत लावू नका

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे जुन्या वस्तूसाठी नव्याची पूर्ण किंमत लावणं. सात वर्षं वापरलेली मच्छरजाळी फाटली आणि तुम्ही नवीचे पैसे घेतलेत, तर भाडेकरूच्या खर्चाने तुमचं घर नवं झालं. नुकसानभरपाईत हे बसत नाही.

हिशेब सरळ आहे. वस्तू साधारण किती वर्षं टिकते ते धरा, किती वर्षं झाली ते वजा करा, उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात खर्च लावा. घरातला साधा रंग चार ते पाच वर्षं धरता येतो. एका भिंतीला रंग द्यायचा खर्च २,४०० रुपये आणि रंगाला चारपैकी दोन वर्षं झालेली असतील तर भाडेकरूकडून १,२०० घ्या. रंगाला साडेचार वर्षं झाली असतील तर काहीच नाही, तो तुम्हाला तसाही द्यायचाच होता.

एक भिंत खराब झाली तर एका भिंतीचे पैसे. "शेड जुळणार नाही म्हणून पूर्ण घर रंगवावं लागेल" ही अडचण खरी असते, पण तिचा सगळा भार भाडेकरूवर टाकता येत नाही. टाइलचंही तेच: जुळणारी टाइल बाजारात मिळाली नाही तर एका टाइलची किंमत आणि मजुरी घ्या, पूर्ण भिंतीची नको.

करारात "घर सोडताना पेंटिंगसाठी इतके रुपये" अशी ठरावीक रक्कम लिहिलेली असेल तर ती घेण्याचा आधार तुमच्याकडे आहे. पण मग त्याच भिंतींच्या डागांचे वेगळे पैसे लावू नका. आणि भाडेकरू सहा महिनेच राहिला, भिंती स्वच्छ आहेत, तरी पूर्ण रक्कम कापली, तर तो प्रश्न उभा करू शकतो. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारभंगासाठी दंडाची रक्कम लिहून ठेवली तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. कागदावर आहे म्हणून सगळंच घेता येतं, असं समजू नये.

साफसफाईचे पैसे नेहमीच्या धुळीसाठी लावू नका. चिमणीवर तेलाचा थर, ओट्यामागे चिकट टाइल्स, बाल्कनीत टाकलेला कचरा असेल आणि घर देताना तुम्ही स्वच्छ करून दिलं असेल, तर प्रत्यक्ष बिलाइतके घ्या.

भाडं, नोटीस आणि शेवटचा महिना

भाड्याचा महिना कॅलेंडरचा नसतो, कराराच्या तारखेपासून मोजला जातो. करार १० तारखेपासून असेल तर महिना १० ते ९. भाडेकरू ३१ तारखेला गेला आणि तुम्ही "महिना संपला" म्हणालात, की नऊ दिवसांवरून वाद लागतो. जादा दिवसांचं भाडं मासिक भाडं भागिले ३० गुणिले दिवस असं काढा आणि ही पद्धत आधीच सांगून ठेवा.

टेम्पो मिळाला नाही, नव्या घराचा ताबा लांबला, म्हणून तीन-चार दिवस जास्त लागले तर नेहमीच्या दरानेच घ्या. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मध्ये दुप्पट दराची तरतूद आहे, पण ती परवान्याची मुदत संपूनही घर न सोडणाऱ्यासाठी आहे आणि तिच्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करायचा असतो. मेसेजवर "हो, १४ तारखेपर्यंत राहा" म्हणून नंतर दुप्पट लावणं चुकीचं.

नोटीस न देता भाडेकरू निघाला तर करारानुसार नोटीस काळाचं भाडं मागता येतं. मात्र दहा दिवसांत नवा भाडेकरू आला असेल तर जुन्याकडून दहा दिवसांचंच घ्या. एकाच घराचं दोघांकडून भाडं घेणं टिकणारं नाही, शोभणारंही नाही.

"शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा" हे तर फार वेळा ऐकू येतं. करारात तसं नसेल तर मालकाला नाही म्हणता येतं. पण डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याइतकं असेल आणि घराची अवस्था बरी असेल, तर हो म्हणायला हरकत नाही. दोन अटी घाला: पहिली पाहणी लगेच करायची, आणि "अमुक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं केलं, आता शिल्लक डिपॉझिट इतकं" असं लिहून घ्यायचं. डिपॉझिट एकाच महिन्याचं असेल तर मान्य करू नका, दुरुस्तीला काहीच उरत नाही.

भाडं महिना ५०,००० रुपयांहून जास्त असेल तर शेवटचं भाडं कमी आलं म्हणून लगेच चिडू नका. अशा भाड्यावर भाडेकरूने टीडीएस (भाड्यातूनच कापला जाणारा आयकर) कापून सरकारकडे भरायचा असतो, आणि तो दर महिन्याला न कापता आर्थिक वर्षाच्या किंवा भाडेकराराच्या शेवटच्या महिन्यात एकदम कापतात. ऑक्टोबर २०२४ पासून दर २ टक्के आहे. टीडीएसचं प्रमाणपत्र मागून घ्या, ती रक्कम तुमच्या करात वळती होते.

वीज, गॅस, मेंटेनन्स

वीजबिलाची तारीख आणि घर सोडण्याची तारीख कधीच जुळत नाही. ताबा घेताना मीटरचा फोटो काढा. आकड्याबरोबर मीटर क्रमांकही दिसला पाहिजे, नाहीतर शेजारच्या मीटरचा फोटो म्हणून तक्रार येते. बरेच मीटर असलेल्या मीटररूममध्ये ही चूक खरोखर होते.

मग शेवटच्या बिलावरचं रीडिंग वजा करा. समजा बिलावर २४ मे रोजी ८४१२ आहे आणि १४ जूनला ८५३० दिसतं, म्हणजे ११८ युनिट. मागचं बिल १६८ युनिटला १,६८० रुपये आलं होतं, म्हणजे स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क धरून युनिटला १० रुपये. ११८ गुणिले १०, म्हणजे १,१८०.

यात एक बारकावा आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिट स्वस्त आणि त्यापुढची जवळजवळ दुप्पट दराची असतात. भाडेकरू गेल्यावर घर बिल येईपर्यंत रिकामंच राहिलं तर महिन्याची एकूण युनिट कमी होतात आणि खरं बिल या अंदाजापेक्षा शे-दीडशेने कमी येतं. म्हणून "अंदाजे १,१८० धरले, प्रत्यक्ष बिल आल्यावर फरक परत करीन" असं लिहा आणि खरंच परत करा. नवा भाडेकरू लगेच येणार असेल तर मात्र सरासरी दरच दोघांना न्याय्य. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरची जोडणी असेल तर दर वेगळे, पद्धत हीच.

मागची थकबाकी आहे का, तेही ताबा घेण्याआधी ग्राहक क्रमांक टाकून पाहा. जोडणी तुमच्या नावावर असते, थकबाकीही तुमच्याच गळ्यात येते.

पाइपच्या गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं, त्यामुळे तिथे रीडिंगचा फोटो आणखी महत्त्वाचा. भाडेकरूचं स्वतःचं सिलिंडर असेल तर रेग्युलेटर त्याचा, शेगडीची नळी कोणाची ते यादीत बघा.

मालमत्ता कर आणि सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही, घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी आकारते ते) मालकाचे. भाडेकरूच्या हिशेबात ते दाखवू नका, करारात उलट लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही, हे तुमच्याही उपयोगाचं आहे. सामान हलवण्याचे किंवा लिफ्टचे पैसे सोसायटी घेत असेल तर ते भाडेकरूने थेट भरावेत.

ताबा घेण्याचा दिवस

घर पूर्ण रिकामं झाल्यावरच शेवटची पाहणी करा. अर्धं सामान दारात आणि टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवतोय, अशा वेळी कोणीच नीट बघत नाही. तासभर ठेवा. मुख्य दारापासून सुरुवात करून प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ घ्या, भाडेकरू सोबत असू द्या. पहिल्या यादीतली प्रत्येक बाब झाली का ते मोजा. चाव्या मोजून घ्या: मुख्य दार, सेफ्टी दार, बेडरूम, कपाटं, टपालपेटी, पार्किंगचं किंवा लिफ्टचं कार्ड, गेटचा स्टिकर.

मग हिशेब कागदावर. असा:

डिपॉझिट ६०,०००
१० ते १४ जून, ५ दिवसांचं भाडं (१८,००० ÷ ३० × ५): ३,०००
वीज, ११८ युनिट, अंदाजे: १,१८०
पाइप गॅस, रीडिंगप्रमाणे अंदाजे: ६४०
ट्रॉलीच्या चॅनेलची जोडी, मजुरीसह, बिल सोबत: १,१००
बेडरूमची एक भिंत, २,४०० पैकी निम्मे: १,२००
मुख्य दाराची एक चावी: ३००
एकूण कपात ७,४२०
परत द्यायचे ५२,५८०

समजा भाडेकरूला भिंतीचे १,२०० मान्य नाहीत. तरी ५२,५८० त्याच दिवशी पाठवा. वाद १,२०० चा असताना पूर्ण साठ हजार अडकवून ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. त्याला नव्या घराचं डिपॉझिट भरायचं असतं, त्याची निकड खरी असते, आणि अडवणूक वाटली की तो ट्रॉलीचे ११०० सुद्धा नाकारतो. निर्विवाद रक्कम हातात पडली की उरलेल्यावर शांतपणे बोलता येतं.

पैसे बँकेतूनच पाठवा, तपशिलात "डिपॉझिट परतावा, फ्लॅट क्रमांक" लिहा. पावतीवर दोघांच्या सह्या: ताबा मिळाल्याची तारीख, रीडिंग, चाव्यांची संख्या, परत दिलेली रक्कम, आणि "वीज व गॅसचा फरक आणि भिंतीच्या १,२०० रुपयांचा प्रश्न सोडून काही देणं-घेणं उरलं नाही" अशी ओळ.

मित्रमंडळी एकत्र राहत असतील तर

पुण्या-मुंबईत तिघं-चौघं नोकरदार मिळून घर घेतात आणि इथे हिशेब वेगळाच अडतो. एकाच्या खात्यातून डिपॉझिट आलेलं असतं, तो मध्येच जातो, त्याच्या जागी आलेला दुसरा त्याला परस्पर पैसे देतो, आणि शेवटी मालकाकडे दोघे मागतात. करारावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांकडून लेखी घ्या: रक्कम कोणाच्या खात्यात, किती. एकमत नसेल तर करारावरच्या नावांप्रमाणे समान भाग पाठवा आणि सगळ्यांना एकाच वेळी कळवा. खोलीतलं नुकसान कोणी केलं हा त्यांचा आपसातला प्रश्न आहे, त्यात निवाडा करायला जाऊ नका. एजंटच्या खात्यात डिपॉझिट कधीच परत करू नका.

मान्य नाही म्हटलं तर

प्रथम पुरावा द्या: आधीचा फोटो, आत्ताचा फोटो, बिल. असा मेसेज पुरतो:

"नमस्कार. बेडरूमच्या भिंतीचे आधीचे आणि ताबा घेतानाचे फोटो सोबत आहेत. पेंटरने एका भिंतीचे २,४०० सांगितले, रंगाला दोन वर्षं झाली म्हणून मी निम्मे धरले. आपल्याला हे जास्त वाटत असेल तर आपल्या माहितीच्या पेंटरचा अंदाज रविवारपर्यंत पाठवा, कमी असेल तर तोच धरू."

दुसऱ्याचा अंदाज मागण्याने बहुतेक प्रकरणं मिटतात, कारण रक्कम तुम्ही एकट्याने ठरवलेली राहत नाही. तरीही अडलं तर निम्म्यावर तोडा. दोन हजारांच्या आतल्या रकमेसाठी वकिलाची नोटीस देणं तोट्याचं आहे, नोटिशीची फीच त्याहून जास्त होते.

काही गोष्टी मात्र कितीही राग आला तरी करू नका. भाडेकरू घरात असताना वीज किंवा पाणी तोडणं हा भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे. कुलूप बदलणं, सामान अडवणं, सामान नेण्यासाठीचं सोसायटीचं पत्र रोखून धरणं, ऑफिसात फोन करणं यांनी साध्या हिशेबाचं पोलीस ठाण्यातलं प्रकरण होतं. पैशांचा वाद दिवाणी असतो, त्यात पोलीस वसुली करून देत नाहीत. मागे राहिलेल्या वस्तूंचे फोटो काढून "१५ दिवसांत घेऊन जा" असं लिहून कळवा आणि तोपर्यंत जपून ठेवा.

देणं डिपॉझिटपेक्षा जास्त निघत असेल, दोन-तीन महिन्यांचं भाडं थकलेलं असेल, तर बाबवार हिशेब स्पीड पोस्टने करारावरच्या कायमच्या पत्त्यावर पाठवा आणि १५ दिवस द्या. पुढची पायरी म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे दाखलपूर्व (दावा दाखल करण्याआधीचा) अर्ज करता येतो. प्रकरण लोक अदालतीत ठेवतात, कोर्ट फी लागत नाही, आणि तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नाही. समोरचा आलाच नाही किंवा तयार झाला नाही तर तडजोड होत नाही, मग दाव्याचा मार्ग उरतो. मुंबईत असे भाड्याचे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. थकलेल्या भाड्यासाठी मुदत तीन वर्षांची आहे, ते देय झाल्याच्या तारखेपासून मोजलेली.

म्हणून करार, पावत्या, मीटरचे फोटो आणि मेसेज किमान तीन वर्षं ठेवा. फोन बदलताना मूळ फाइली आणि चॅटचा बॅकअप नव्या फोनवर आल्याची खात्री करा, नुसते स्क्रीनशॉट कमकुवत ठरतात. आणि वीजबिल आलं की फरकाचे शंभर-दीडशे रुपये भाडेकरूला पाठवून, "हिशेब पूर्ण" असं त्याच चॅटमध्ये लिहून घ्या.